आधी तंबूची जागा, मग तिकीट

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फ्रान्समधील ‘ल मां’ येथील चोवीस तासांच्या मोटारशर्यतीवर आलेला लेख मी आवडीने वाचला. शर्यतीचा इतिहास लेखकाने नेटका सांगितला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र लेखाच्या शेवटी ‘प्रत्यक्ष जायचे असल्यास’ या मथळ्याखाली जो सल्ला दिला आहे (प्रवेशाचे तिकीट काढावे, पॅरिसमध्ये हॉटेल घ्यावे आणि शनिवारी सकाळच्या रेल्वेने जाऊन यावे), तो वाचून पुण्या-मुंबईचे चार लोक खरोखरच तसे निघाले तर त्यांची शर्यत अर्धीच पाहून होईल, या काळजीने हे पत्र लिहीत आहे. मूळचा मी चिंचवडचा असून गेली बारा वर्षे नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री येथे राहतो आणि आजवर सहा वेळा कुटुंबासह गाडी घेऊन, तंबू ठोकून ही शर्यत पाहिली आहे.

शर्यत शनिवारी दुपारी चार वाजता सुरू होते आणि रविवारी दुपारी चार वाजता संपते. पॅरिसच्या मोंपारनास स्थानकावरून जलदगती रेल्वेने ल मां जेमतेम तासाभरावर आहे आणि स्थानकासमोरून निघणारी ट्राम थेट शर्यतीच्या मैदानाजवळ सोडते, ही लेखातली माहिती बरोबर आहे. पण संध्याकाळी पॅरिसला परत जायचे म्हटले, तर ज्या रात्रीसाठी लोक देशोदेशींहून येतात ती रात्रच हातची जाते. जूनच्या मध्यावर तिथे सूर्य दहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सहाला उगवतो. मधल्या त्या सात-आठ तासांत आर्नाजच्या वळणावर कुंपणापाशी उभे राहिले, की अंधारातून आधी दिव्यांचे दोन डोळे येतात, मग ब्रेक दाबताच चाकांच्या आतल्या तबकड्या निखाऱ्यासारख्या लाल होतात, आणि गाडी वळून गेल्यावर क्षणभर रबर जळल्याचा वास तेवढा मागे राहतो. हे दृश्य दूरचित्रवाणीवर कितीही मोठ्या पडद्यावर पाहिले तरी हाती लागत नाही. त्यामुळे या सहलीची आखणी मुक्कामापासून करावी लागते. आधी तंबूची जागा, मग प्रवेशाचे तिकीट, मग बोट किंवा विमान, आणि सर्वांत शेवटी रजेचा अर्ज, असा उलटा वाटणारा क्रमच इथे बरोबर ठरतो.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. 2023 साली, म्हणजे पहिल्या शर्यतीला शंभर वर्षे झाली त्या वर्षी, सव्वातीन लाख प्रेक्षक आले होते. 2025 साली तो आकडा 3 लाख 32 हजारांवर गेला. ल मां शहराची वस्ती दीड लाखाच्या आसपास. आषाढीला पंढरपूर ज्यांनी पाहिले आहे त्यांना याहून अधिक समजावून सांगायला नको. गावातली आणि पंचक्रोशीतली हॉटेले जुन्या गिऱ्हाइकांनी वर्ष-वर्ष आधी धरून ठेवलेली असतात, आणि उरलेल्या जनतेला मैदानाभोवतीच्या तंबूवस्त्यांचाच आधार असतो. मेझों ब्लांश, हू, बोसेजूर, तेर्त्र रूज, आर्नाज अशी त्यांची नावे. मेझों ब्लांश ही ब्रिटिशांची जुनी आवडती वस्ती. तिथे युनियन जॅक इतके लागतात, की फ्रेंच माणूसच पाहुणा वाटावा.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी होती, ती लेखात नाही. प्रवेशाचे तिकीट आणि तंबूच्या जागेचे तिकीट ही दोन वेगळी तिकिटे आहेत. तंबूची जागा म्हणजे आखून दिलेला एक तुकडा. त्यात आपली गाडी आणि आपला तंबू मावला पाहिजे. त्या तुकड्याचे एक तिकीट, आणि शिवाय आत येणाऱ्या प्रत्येकाचे स्वतंत्र प्रवेशतिकीट. उघड्या प्रेक्षागृहातील बैठकीची जागा हवी असेल तर तिसरे तिकीट. शर्यत भरवणाऱ्या ‘ऑटोमोबाइल क्लब द ल्वेस्त’ या संस्थेकडून ही विक्री आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत सुरू होते, आणि मोक्याच्या वस्त्या भराभर भरून जातात.

हे दोन तिकिटांचे प्रकरण मी इतके ताणून का सांगतो, त्यामागे घरातलाच अनुभव आहे. 2024 साली माझा भाचा तीन मित्रांसह पुण्याहून आला. एका प्रवास कंपनीकडून त्यांनी ‘शर्यत आणि मुक्काम’ असे पॅकेज घेतले होते. कंपनीचे नाव घेत नाही, कारण तसे करणारी ती एकटीच असेल असे मला वाटत नाही. शुक्रवारी रात्री साडेनऊला त्याचा फोन आला, “मामा, इथे आत सोडत नाहीत. चौघांची तिकिटे दाखवली, तर म्हणतात गाडीचा कागद कुठाय?” कागद नव्हताच. मुक्काम म्हणून जी जागा दिली होती ती सुमारे शंभर किलोमीटरवरच्या एका गावातली निघाली, आणि तिथला दरवाजा रात्री दहानंतर बंद होत असे. माझ्या तुकड्यात माझी गाडी आणि आमचा पाच जणांचा तंबू. तिथे त्यांची गाडी आणणे नियमात बसत नव्हते आणि जागेतही बसत नव्हते. शेवटी त्या चौघांनी आलाँसोंच्या वाटेवर महामार्गालगतच्या विश्रांतिस्थळी गाडीतच दोन रात्री काढल्या. त्या वर्षी शनिवारी रात्री पाऊस इतका झाला, की चार तासांहून अधिक वेळ सर्व गाड्या सेफ्टी कारच्या (धोक्याच्या वेळी वेग आवरण्यासाठी पुढे धावणाऱ्या गाडीच्या) मागे एका रांगेत फिरत होत्या. भाचा आणि त्याचे मित्र तेर्त्र रूजच्या वळणावर दोन छत्र्यांत चौघे उभे होते. पॅकेज विकणाऱ्यांनी तंबूची जागा कोणत्या वस्तीत, गाडीचा परवाना आहे की नाही, आणि हॉटेल असेल तर मैदानापासून किती किलोमीटरवर, एवढ्या तीन गोष्टी पावतीवर लिहून द्याव्यात, आणि गिऱ्हाइकानेही त्या लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, अशी माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

भारतातून येणाऱ्यांनी इंग्लंडमार्गे येण्याचा मोह टाळावा. तिथे नातेवाईक असले तरी. कारण मग दोन व्हिसे लागतात, एक ब्रिटनचा आणि एक शेंगेनचा, म्हणजे फ्रान्ससह युरोपातील बऱ्याच देशांना मिळून चालणारा. थेट पॅरिसला उतरावे आणि तिथेच गाडी भाड्याने घ्यावी. दोनशेच्या वर थोडे किलोमीटर आहेत, बहुतेक रस्ता महामार्गाचा. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि त्यासोबत मुक्कामाचा पुरावा द्यावा लागतो, म्हणजे तंबूच्या जागेची पावती इथेही आधी हातात असलेली बरी. आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्यापूर्वी काढावा. तंबू पुण्याहून वाहून आणू नये. डेकॅथलॉन ही मुळात फ्रेंचच कंपनी आहे, आणि आपल्याकडे मिळतो तोच तंबू तिथेही मिळतो. दोन-तीन सेकंदांत उघडणारा तंबू घ्यावा, पण तो परत मिटवण्याची कृती घरी एकदा करून पाहावी. सोमवारी सकाळी थकल्या अंगाने ती शिकणारी माणसे मी दर वर्षी पाहतो.

इंग्लंडातून जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या आता बरीच आहे, म्हणून आमच्या रस्त्याविषयीही लिहितो. दोन वाटा आहेत. फोकस्टनहून पस्तीस मिनिटांत समुद्राखालच्या बोगद्याने कॅलेला जाणे आणि तिथून रुआँमार्गे चारशेहून अधिक किलोमीटर गाडी हाकणे, किंवा पोर्ट्समथहून रात्रीची बोट धरून सकाळी काँजवळच्या विस्त्रअँ बंदरात उतरणे, जिथून ल मां साधारण 170 किलोमीटर उरते. पहिली वाट घाईची आहे, दुसरी शहाणपणाची. रात्रभर झोप झालेली असते, मुले ताजीतवानी असतात आणि दुपारच्या आत तंबू उभा राहतो. पॅरिस आणि नॉर्मंडीला जोडणाऱ्या ए-13 महामार्गावर 2024 पासून टोलनाके काढून टाकले आहेत. कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे 72 तासांत आपणच ऑनलाइन भरायचे असतात. नाकाच दिसला नाही म्हणून टोल नाही, असे समजणाऱ्याला पुढे दंडाची नोटीस घरपोच येते. रुआँमार्गे जाणाऱ्यांना या रस्त्याचा थोडा तुकडा लागतो.

जिथे नाके आहेत तिथे आणखी एक गंमत. ब्रिटनमधील गाडीचे चाक आपल्याकडच्यासारखे उजवीकडे, आणि फ्रान्समध्ये टोलची खिडकी डावीकडे. त्यामुळे टोल भरण्याचे खाते आमच्याकडे सौ.कडे आहे. कंबरेपर्यंत खिडकीबाहेर झुकून, एका हातात कार्ड आणि तोंडात पावती धरून ती जे काही करते त्याला मागच्या सीटवरून टाळ्या पडतात. ओव्हरटेक करतानाही समोरचे आधी तिलाच दिसते. म्हणून डाव्या सीटवर जागे राहणारे माणूस बसवावे, झोपाळू नको. दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जाऊ नये यासाठी हेडलाइटवर पट्ट्या चिकटवाव्यात, चमकदार जाकीट डिकीत न ठेवता हाताशी ठेवावे, गाडी बंद पडल्यास मागे रस्त्यावर ठेवायचा धोक्याचा त्रिकोण सोबत असावा, आणि मागे ‘यूके’चा स्टिकर असावा, कारण जुना ‘जीबी’ 2021 पासून चालत नाही. महामार्गावर वेगाची मर्यादा 130 आहे, पाऊस असेल तर 110, आणि गावाबाहेरच्या साध्या दुपदरी रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी 80. शर्यतीच्या आठवड्यात फ्रेंच पोलिसांची या वाटेवर विशेष नजर असते, आणि इंग्लंडातून निघालेल्या उत्साही मंडळींच्या महागड्या गाड्या कडेला उभ्या केलेल्या दर वर्षी दिसतात. खेड्यांतून जाताना उजवीकडच्या बिनखुणेच्या गल्लीतून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी लागते. हा नियम आपल्या अंगवळणी पडत नाही आणि एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या हॉर्ननेच तो शिकावा लागतो.

आता खाण्याचे. ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुग्धजन्य पदार्थ सोबत नेण्यास बंदी आहे. तूप, पनीर, श्रीखंड, चक्का यांतले काहीच चालत नाही. पहिल्या वर्षी आईने निगुतीने कढवलेले तूप आम्ही निघण्यापूर्वी शेजाऱ्यांना देऊन आलो, आणि ते त्यांनी कशावर घातले हे विचारण्याचे धाडस अजून झालेले नाही. पण बेसन, तांदूळ, थाळीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि गोडा मसाला यांना कोणी अडवत नाही. लोणी आणि दही ल मांच्या कोणत्याही दुकानात मिळते, आणि ते उत्तम असते. छोट्या गॅसवर पंधरा मिनिटांत होणारे पिठले हे शर्यतीचे अन्न आहे, असे माझे ठाम मत आहे. शेजारच्या डॅनिश तंबूतील मंडळी तीन दिवस सॉसेज खाऊन कंटाळली की शनिवारी रात्री अकराच्या सुमारास वासावर येतात. (डॅनिश लोक इतके का येतात, तर ही शर्यत विक्रमी नऊ वेळा जिंकणारा टॉम क्रिस्टेनसेन त्यांचा.) जमिनीवर शेकोटी पेटवण्यास मनाई आहे, ती पाळावी. पाण्याचे नळ आहेत, पण लांब, म्हणून घडीची कळशी न्यावी. अंघोळीची रांग सकाळी आठला सर्वांत मोठी असते आणि दुपारी तीनला नसतेच. बहुतेक तुकड्यांत वीज नसते. तंबूबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या मेखा टणक, खडीच्या जमिनीत वाकतात. लोखंडी मेखा आणि खरी हातोडी न्यावी.

झोपेचाही विचार आधीच करावा. नियमाप्रमाणे प्रत्येक गाडीला तीन चालक असतात, आणि एका चालकाला सलग सहा तासांत चारपेक्षा जास्त आणि एकूण चौदा तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही. आम्हीही घरात तशाच पाळ्या लावतो. मी आणि थोरली बारा ते तीन, सौ. आणि धाकटा तीन ते सहा. आई मात्र रात्रभर झोपते आणि सकाळी सर्वांना निकाल विचारते. कानात घालायचे बोळे मोठ्यांना आणि कानांवर बसणारे आवाजरोधक लहानांना अत्यावश्यक आहेत. रात्री पारा दहा अंशांपर्यंत उतरतो, त्यामुळे जून म्हणजे उन्हाळा या समजुतीवर येणाऱ्यांची पहाटे फजिती होते. एक छोटा रेडिओही न्यावा. 91.2 मेगाहर्ट्झवर रेडिओ ल मांचे इंग्रजी समालोचन चोवीस तास चालते, आणि ते कानाला नसेल तर 62 गाड्या आणि तीन वर्ग यांत कोण कितव्या क्रमांकावर आहे हे पहाटे तीनला ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. हायपरकार, एलएमपी2 आणि एलएमजीटी3 अशा तीन वर्गांतल्या, वेगवेगळ्या वेगाच्या गाड्या एकाच वाटेवर धावतात, आणि मागून येणाऱ्या वेगवान गाडीने रात्रीच्या अंधारात हळू गाडीला कुठे ओलांडावे, यातच या शर्यतीची निम्मी कला आहे.

फेरी 13.626 किलोमीटरची आहे आणि तिचा मोठा भाग एरवी सार्वजनिक रस्ता असतो. त्यातला युनोदिएरचा सरळ पट्टा सुमारे सहा किलोमीटरचा. 1988 साली एका फ्रेंच गाडीने तिथे ताशी 405 किलोमीटरचा वेग गाठला. 1990 पासून वेग आवरण्यासाठी त्यावर दोन नागमोडी वळणे घातली आहेत. वर्षभर याच रस्त्यावरून मालट्रक आणि शाळेच्या बस जातात. मंगळवारी-बुधवारी लवकर पोहोचलात, तर तो बंद होण्यापूर्वी स्वतःच्या गाडीने त्यावरून जाऊन यावे, अर्थात फलकावरच्या वेगाने. शुक्रवारी ट्रॅकवर शांतता असते. त्या दिवशी दुपारी गावात चालकांची मिरवणूक निघते, ती गणपतीच्या मिरवणुकीच्या सवयीने पाहायला जावी आणि तेवढ्याच गर्दीची तयारी ठेवावी. जमल्यास सकाळी सेंट ज्युलियनचे कॅथेड्रल आणि त्याभोवतीचा जुना दगडी गाव पाहून घ्यावा. शर्यतीला येणारे बहुतेक लोक तो पाहतच नाहीत.

मैदानाच्या दाराशीच असलेल्या संग्रहालयाला मात्र दोन तास द्यावेत. 1953 साली कॉव्हेंट्रीच्या जॅग्वार कंपनीने इथे डिस्क ब्रेक लावलेली गाडी जिंकवून दाखवली आणि पुढे ते ब्रेक घरोघरीच्या गाड्यांत आले. तीच जॅग्वार 2008 पासून टाटांकडे आहे, म्हणून पिंपरी-चिंचवडहून आलेल्या माझ्यासारख्यांना तिथे थोडे माहेरच्या अंगणात आल्यासारखे वाटते. 11 जून 1955 चा अपघातही विसरता येत नाही. मर्सिडीजची गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि आज कुंपणे इतकी मागे का आहेत याचे उत्तर तिथे आहे. आपल्या लेखात भारतीय चालक करुण चंढोकचा उल्लेख राहिला. 2012 साली त्याच्या गाडीने सहावा क्रमांक मिळवला होता. त्याआधी 2009 साली नारायण कार्तिकेयन पात्रता फेरीपर्यंत पोहोचला, आणि शर्यतीआधी खांदा निखळल्याने उतरू शकला नाही. आणखी एक लहानसे: 2022 पासून या गाड्या वाइन गाळून उरलेल्या गाळापासून बनवलेल्या इंधनावर धावतात. नाशिककरांनी नोंद घ्यावी.

परतीची बोट रविवारी रात्रीची धरू नये. चार वाजता झेंडा पडला की लाखो माणसे एकदम निघतात आणि गाड्या दोन-दोन तास तुकड्याबाहेर हलत नाहीत. आम्ही रविवारची रात्रही तंबूतच काढतो. उरलेल्या बेसनाची भजी होतात, शेजारी निरोप घेतात, आणि सोमवारी सकाळी रिकाम्या रस्त्याने काँची वाट धरतो. रजेचा अर्ज म्हणूनच मंगळवारपर्यंतचा असावा.

शेवटी संपादकीय विभागाला एक विनंती. हे पत्र छापण्यायोग्य वाटल्यास ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तिकिटांची विक्री सुरू होत असताना छापावे. जूनमध्ये छापलेत तर ते वाचून होणारी हळहळ दूर करायला माझ्याकडे तंबूत जागा नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक वाचक
कॉव्हेंट्री (मूळ गाव चिंचवड, जि. पुणे)